दहा हातांचा एक निबंध

मृगाच्या सरी पडूं लागतात आणि जूनच्या मध्याला महाराष्ट्रांतील बहुतेक शाळांचे दरवाजे उघडतात. विदर्भांत उन्हाळा लांबतो म्हणून तेथील शाळा थोड्या मागाहून भरतात. कोऱ्या पुस्तकांचा वास, वह्यांना घातलेलीं कव्हरें आणि ओल्या छत्र्या यांनीं वर्ग गजबजून जातो. मग भाषेच्या पहिल्या-दुसऱ्या तासाला शिक्षक फळ्यावर विषय लिहितात, 'पावसाळ्यांतील एक दिवस'. चाळीस माना खालीं जातात, चाळीस लेखण्या चालूं लागतात, आणि तासाच्या शेवटीं चाळीस वह्यांत एकच निबंध तयार झालेला असतो. आकाशांत ढग दाटून येतात, वीज चमकते, मोर पिसारा फुलवून नाचतो आणि शेतकरी आनंदित होतो. चाळिसांपैकीं एकानेंहि मोर नाचतांना पाहिलेला नसतो. पहिल्या सरीनंतर शेतकऱ्याला आनंदापेक्षां बियाण्याची व खताची काळजीच किती असते, हें त्या वर्गांत बसलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला पक्कें ठाऊक असतें. पण तो तें लिहीत नाहीं. निबंधांतील शेतकरी आनंदितच असला पाहिजे, असें मागल्या इयत्तांनीं त्याला शिकवून ठेवलेलें असतें.

या मुलांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. मनुष्य बोलतो तेव्हां त्याच्या समोर कोणी तरी असतें. ऐकणाऱ्याच्या मुद्रेवरून आपलें बोलणें पोंचलें कीं नाहीं हें त्याला कळतें. निबंध मात्र कोणालाच उद्देशून नसतो. तो वाचणारा एकच, आणि तोहि लाल शाईची लेखणी घेऊन चुका टिपावयास बसलेला. अशा स्थितींत मूल निर्धोक वाट धरतें. पूर्वीं ती वाट बाजारांतील मार्गदर्शक पुस्तकांतून जात असे. २०२२ च्या अखेरीपासून तर तेवढाहि खटाटोप उरलेला नाहीं. संगणकाला विषय सांगितला कीं घटकाभरांत तो निर्दोष, गुळगुळीत आणि कोणाचाहि नसलेला निबंध लिहून देतो. निबंध म्हणजे केवळ बिनचूक वाक्यांची माळ, अशीच जर आपली समजूत असेल, तर यंत्र जिंकलें हें आपण सरळ मान्य करावें आणि मुलांचा वेळ वाचवावा. परंतु आपल्या डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट दुसऱ्याला समजेल अशी सांगण्याची धडपड, हें जर लेखनाचें मर्म असेल, तर त्या धडपडीची गोडी मुलांना लावण्याचा मार्ग आपण शोधला पाहिजे.

असा एक मार्ग सुज्ञ वाचकांपुढें मांडावा, हा या लेखाचा हेतु आहे. वर्षाचा पहिला निबंध मुलांनीं एकेकट्यानें लिहूं नये. पांच-सहा जणांनीं मिळून एकच लिहावा, असें माझें म्हणणें आहे.

आपल्या परंपरेंतील साक्षी

हें ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल. लेखन ही एकांतांतील तपश्चर्या, ती चारचौघांत कशी व्हावी? पण आपलीच परंपरा पाहिली तर हा आक्षेप टिकत नाहीं. विद्येचा एक पाद गुरूकडून मिळतो, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला काळाच्या ओघांत पक्व होतो, असें एक जुनें सुभाषित सांगतें. सहाध्यायांचा हा चौथा हिस्सा आपल्या शाळांनीं हिशेबांतूनच काढून टाकला आहे. शेजाऱ्याशीं बोलणें हा वर्गांतील अपराध, आणि त्याच्या वहींत डोकावणें हा त्याहून मोठा.

पाणिनीय व्याकरणावरील 'काशिका' ही प्रसिद्ध वृत्ति जयादित्य आणि वामन या दोघांची. पहिले पांच अध्याय एकाचे व शेवटचे तीन दुसऱ्याचे असें मानतात. बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या निधनानें अपुरी राहिली, ती त्याच्या मुलानें पुरी केली, आणि त्या ग्रंथाच्या नांवावरून मराठींत एका सबंध वाङ्मयप्रकाराला नांव मिळालें. समस्यापूर्तीच्या खेळांत तर एकानें चरण द्यावा व दुसऱ्यानें श्लोक पुरा करावा, ही राजसभेंतील करमणूकच होती. मराठीपुरतें बोलावयाचें तर १८३१ मध्यें प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश एका नांवानें ओळखला जातो; पण त्याच्या मागें कँडी बंधूंचें साह्य होतें आणि शब्द गोळा करणाऱ्या, तपासणाऱ्या शास्त्रीमंडळींचे दीर्घ परिश्रम होते. डॉ. केतकरांचा तेवीस विभागांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' हाहि अनेक सहकाऱ्यांना कामाला लावल्याखेरीज उभा राहता ना. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर एक नांव असतें म्हणून लेखन एकट्याचें असतें, हा केवळ दृष्टिभ्रम आहे.

बार्बियानाची शाळा

परंतु लहान मुलांनीं, तींहि परीक्षेंत नापास ठरलेल्या मुलांनीं, मिळून लिहावें आणि तें लेखन जगानें वाचावें, याचें उत्तम उदाहरण पहावयाचें तर इटलींत जावें लागतें. फ्लॉरेन्स शहराच्या उत्तरेकडे मुजेल्लो नांवाचें डोंगराळ खोरें आहे. त्यांत जोवी पर्वताच्या उतारावर बार्बियाना म्हणून एक वस्ती आहे. वस्ती म्हणजे एक देऊळवजा चर्च आणि रानांत विखुरलेलीं कांहीं शेतकऱ्यांचीं घरें. १९५४ च्या डिसेंबरांत लोरेन्झो मिलानी नांवाच्या एकतीस वर्षांच्या धर्मोपदेशकाची तेथें रवानगी झाली. १९२३ मध्यें फ्लॉरेन्सच्या एका सधन व विद्यासंपन्न कुळांत जन्मलेला हा तरुण. त्याचीं रोखठोक मतें वरिष्ठांना मानवत नव्हतीं, म्हणून त्याला या आडरानांत पाठविलें, असें सर्वत्र मानलें जातें. तेथें धड रस्ता नव्हता, वीज नव्हती.

मिलानीनें तेथें शाळा काढली. सरकारी शाळांनीं नापास करून घरीं पाठविलेलीं डोंगरी शेतकऱ्यांचीं मुलें तिच्यांत येऊं लागलीं. ही शाळा दिवसभर चाले आणि वर्षांतले सर्व दिवस चाले. रविवारहि तिला वर्ज्य नसे. मोठ्या मुलांनीं धाकट्यांना शिकवावें असा तेथील शिरस्ता होता. भिंतीवर 'आय केअर' असे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते. 'मला याची आस्था आहे' एवढाच त्यांचा अर्थ. गरीब मनुष्य आणि सुशिक्षित मनुष्य यांच्यामधील खरी भिंत पैशाची नसून भाषेची आहे, आणि शब्दांवर सत्ता आली कीं बरोबरी येते, अशी मिलानीची ठाम श्रद्धा होती.

१९६३ मध्यें मारिओ लोदी नांवाचा दुसरा एक शिक्षक बार्बियानास येऊन गेला. लोदी उत्तर इटलींतील पिआदेना गांवाजवळच्या शाळेंत शिकवीत असे व तेथील मुलांकडून सामुदायिक लेखन करून घेत असे. त्याच्या विद्यार्थ्यांना बार्बियानाच्या मुलांनीं सर्वांनीं मिळून एक पत्र लिहावें, असें ठरलें. त्या पत्राच्या निमित्तानें तेथें जी रीत बसली, तिचें फळ चार वर्षांनीं दिसलें. १९६७ च्या मे महिन्यांत 'एका शिक्षिकेस पत्र' हें पुस्तक फ्लॉरेन्स येथें प्रसिद्ध झालें. लेखक म्हणून कोणा एकाचें नांव त्यावर नव्हतें. 'बार्बियानाची शाळा' एवढेंच होतें. आठ मुलांनीं मिळून तें लिहिलेलें होतें. श्रीमंताच्या आणि शेतकऱ्याच्या मुलाला एकाच मापानें मोजणारी शाळा शेवटीं शेतकऱ्याच्या मुलालाच कशी गाळते, हें त्यांनीं नापासांचे आंकडे मांडून दाखविलें. मिलानी तेव्हां असाध्य रोगानें अंथरुणाला खिळलेला होता. पुढच्याच महिन्यांत, २६ जून १९६७ रोजीं, तो वारला. तें पुस्तक मात्र अनेक भाषांत गेलें. मराठींत तें 'प्रिय बाई' या नांवानें आलें आहे.

चिठ्ठ्या, ढीग आणि कात्री

त्या मुलांनीं आपली रीत पुस्तकांतच सांगून ठेवली आहे, आणि ती इतकी साधी आहे कीं कोणत्याहि शाळेला तिच्यासाठीं एक रुपयाहि खर्च करावा लागूं नये. प्रत्येकानें खिशांत टिपणवही बाळगावयाची. विषयासंबंधीं मनांत कांहीं आलें कीं तें टिपावयाचें. एका चिठ्ठीवर एकच विचार, आणि कागदाच्या एकाच बाजूला. कांहीं दिवसांनीं सर्वांच्या चिठ्ठ्या एका मोठ्या मेजावर पसरावयाच्या. एकेक वाचून, जी गोष्ट दोनदां आली असेल ती चिठ्ठी बाजूला काढावयाची. मग एकमेकींच्या नात्यांतल्या चिठ्ठ्यांचे ढीग करावयाचे. हीं झालीं प्रकरणें. प्रत्येक ढिगाचे लहान ढीग. हे झाले परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदाला नांव द्यावयाचें. नांव सुचत नसेल, तर त्या परिच्छेदांत कांहींच नाहीं किंवा भलत्याच पुष्कळ गोष्टी कोंबल्या आहेत, असें समजावें. नांवांवरून क्रम ठरवावयाचा, आणि तो ठरल्यावरच वाक्यें लिहावयास घ्यावयाचीं.

एवढ्यानें कच्चा खर्डा होतो. पुढें कात्री, गोंद आणि रंगीत पेन्सिली. आतां स्पर्धा लागते ती शब्द घालण्याची नव्हे, काढण्याची. अनावश्यक विशेषणें, पुनरुक्ति, अवघड शब्द, लांबलेलीं वाक्यें, एका वाक्यांत शिरलेले दोन विचार आणि खरी नसलेली प्रत्येक गोष्ट खोडली जाते. शेवटीं बाहेरच्या माणसांना एकामागून एक बोलावून तें वाचावयास द्यावयाचें. शक्य तर फारसें न शिकलेल्यांना. आपल्याला जें म्हणावयाचें होतें तें त्यांना कळलें काय, एवढेंच पहावयाचें. अर्थ स्पष्ट होईल अशी सूचना स्वीकारावयाची. केवळ भीतीपोटीं शब्द मवाळ करण्याची सूचना मात्र नाकारावयाची.

या रीतींत प्रतिभेचा कोठें उल्लेख नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सुताराच्या कामाप्रमाणें लेखनाचेहि टप्पे पाडतां येतात, आणि ते दाखविले तर 'मला लिहितां येत नाहीं' म्हणणारें मूलहि निदान एक चिठ्ठी लिहितेंच.

आपल्या वर्गांत

एका तालुक्याच्या गांवीं आठवीच्या वर्गाला मी हीच रीत लावून पाहिली होती. विषय तोच जुना, पहिल्या पावसाचा. एका गटाच्या चिठ्ठ्या निवडण्याचें काम चाललें असतां एक चिठ्ठी निघाली: 'वाफसा आल्याशिवाय पेरूं नये असें आमचे आजोबा म्हणतात.' गटाचा म्होरक्या एका वकिलांचा मुलगा, वाचनानें बहुश्रुत. शब्द अशुद्ध आहे म्हणून तो ती चिठ्ठी टाकून देऊं लागला. पण गटांतल्या प्रत्येक चिठ्ठीचा अर्थ विचारल्याखेरीज ती टाकावयाची नाहीं, असा नियम होता. ज्याची चिठ्ठी होती तो मुलगा वर्गांत सहसा तोंड उघडीत नसे. तो उभा राहिला आणि सांगूं लागला. पाऊस पडला कीं लगेच पेरतां येत नाहीं. रानांत चिखल असतो. पाणी जिरावें लागतें. मग माती मुठींत घेऊन दाबावी. ती ओलसर लागली पाहिजे, पण हाताला चिकटतां कामा नये, आणि बोटांनीं दाबतांच भुसभुशीत सुटली पाहिजे. तेव्हां वाफसा आला म्हणावें. त्याच्या आधीं पेरलें तर बीं कुजतें. फार उशीर केला तर ओल उडून जाते.

सारा गट ऐकत राहिला. त्या निबंधांतील एका परिच्छेदाला 'वाफसा' हेंच नांव पडलें, आणि तो शब्द नीट बसेल असें वाक्य त्या वकिलांच्या मुलानेंच शोधून काढलें. वाफ या शब्दाशीं वाफशाचें नातें उघड दिसतें, आणि वाफ म्हणजे संस्कृतांतील बाष्प. ज्याला अशुद्ध म्हणून टाकावयास निघाले होते, तो शब्द अशा रीतीनें चांगल्या कुळांतला निघाला. पण तो तसा निघाला नसता तरी त्याची योग्यता कमी झाली नसती. कारण त्या जागीं दुसरा कोणताच शब्द चालला नसता. त्या निबंधांत मोर कोठेंहि नाचला नाहीं.

ज्या शिक्षकांना हा प्रयोग करावासा वाटेल त्यांच्यासाठीं व्यवस्था थोडक्यांत सांगतों. पांच-सहा मुलांचे गट करावे, आणि ते मुलांनीं नव्हे, शिक्षकांनीं पाडावे. नाहीं तर हुषार हुषारांत आणि मागले मागल्यांत बसतात. दोन आठवड्यांतील आठ तासिका द्याव्या. पहिल्या दोन चिठ्ठ्यांना, दोन ढीग व क्रम ठरविण्याला, दोन लिहिण्याला, एक खोडण्याला आणि एक मोठ्यानें वाचण्याला. चिठ्ठीच्या मागें लिहिणाऱ्याचें नांव असावें. कोणीं किती भर घातली तें त्यावरून कळतें. लेख वाचून झाल्यावर गटांतील कोणालाहि उभें करून 'हा परिच्छेद त्याच्या आधीं कां?' असें विचारावें. उत्तर कोणाला द्यावें लागेल हें ठाऊक नसल्यानें प्रत्येकाला लक्ष द्यावेंच लागतें. शिक्षकांनीं लेखणीला हात लावूं नये. विचारलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा आणि भांडण विकोपास जाऊं लागलें तरच मध्यें पडावें.

आईबापांच्या शंका

आतां आपल्यासारख्या घरांतून उठणाऱ्या शंकांकडे वळूं. पहिली शंका परीक्षेची. परीक्षेंत तर एकट्यानेंच लिहावयाचें असतें, मग ही संवय काय कामाची? याला उत्तर असें कीं पोहावयास शिकतांना पाठीला भोपळा बांधतात तो कायमचा नव्हे. तिसऱ्या आठवड्यांत प्रत्येक मुलानें त्याच रीतीनें, स्वतःच्याच चिठ्ठ्या करून, दुसऱ्या विषयावर एकट्यानें लिहावें. विचार आधीं, क्रम मग, आणि वाक्यें शेवटीं, ही शिस्त जें मूल चारजणांत शिकलें, तें परीक्षेच्या दालनांत ती विसरत नाहीं.

दुसरी शंका अशी कीं आपल्या हुषार मुलाचे श्रम इतरांच्या पदरांत पडतील. पण कोणतीहि गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगावी लागली म्हणजेच ती स्वतःला किती समजली होती हें कळतें. हें प्रत्येक शिक्षकाला अनुभवानें ठाऊक आहे. 'हें वाक्य कां काढावें?' याचें कारण पांच जणांना पटवितांना त्या मुलाची भाषा जेवढी घासली जाते, तेवढी दहा निबंध एकट्यानें लिहून घासली जात नाहीं.

तिसरी शंका मोठ्यानें कोणी बोलत नाहीं. पण ती मनांत असते, म्हणून ती येथें स्पष्टच मांडतों. आपल्या घरांत जी शुद्ध भाषा पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती इतरांच्या संगतीनें बिघडेल, ही ती भीति. या भीतीचा विचार नीट केला पाहिजे. शुद्धलेखन, ऱ्हस्वदीर्घ, वाक्यांची घडण यांत आपल्या मुलांना घरचा वारसा असतो आणि तो मोलाचा आहे. तो त्यांनीं गटांतल्या सोबत्यांना मोकळ्या हातानें द्यावा. परंतु देणाऱ्याच्याहि पदरीं कांहीं पडतें. कुळव, पाभर, तिफण, वाफसा, धूळपेरणी, वळीव हे शब्द ज्याच्या घरांत रोज वापरले जातात, तो मुलगा भाषेच्या बाबतींत दरिद्री नाहीं. त्याची श्रीमंती निराळ्या पेटींत आहे एवढेंच. मराठी ही या दोन्ही पेट्या मिळून होते. मोल्सवर्थच्या कोशांत ती श्रीमंती आली, कारण त्या मंडळींनीं लोकांच्या तोंडचे शब्दहि टिपले. आपल्या मुलांनीं ती पेटी उघडून पाहिलीच नाहीं, तर ज्या भाषेचा आपण अभिमान वाहतों तिचा अर्धा भाग त्यांना परका राहील. आणि शेजारच्या बाकावरील मुलगा 'माझे शब्द येथें चालत नाहींत' असें समजून गप्प बसेल. बार्बियानाच्या मुलांना शाळेनें गाळलें तें असेंच, आधीं गप्प बसवून. एक मूल असें गप्प झालें म्हणजे त्याचें जें नुकसान होतें तें कोणत्याहि गुणपत्रिकेंत दिसत नाहीं. आणि तें पुढें भरून काढावयास कोणीहि परत येत नाहीं.

घरचा पाठ

हा प्रयोग शाळेवरच सोंपवून आपण मोकळे व्हावें असेंहि नाहीं. परदेशीं असलेल्या काकाला किंवा मावशीला घरांतील सर्वांचें मिळून एक पत्र, महिन्यांतून एकदां, याच रीतीनें लिहून पहावें. आठवडाभर फडताळावर एक डबा ठेवावा. ज्याला जें सुचेल तें त्यानें चिठ्ठीवर लिहून त्यांत टाकावें. आजीनें लोणच्याबद्दल लिहावें, नातवानें क्रिकेटबद्दल, आणि घरीं कामाला येणाऱ्या बाईंनाहि 'तुमचें कांहीं कळवावयाचें आहे काय?' असें विचारावें. रविवारीं डबा उघडावा, ढीग करावे, भांडावें, खोडावें आणि मग पत्र लिहावें. यंत्रानें लिहिलेलें सुबक पत्र आणि हें पत्र यांत वाचणाऱ्याला जो फरक जाणवेल, तोच मुलांना लेखनाचा अर्थ शिकवील.

शाळा नुकत्याच उघडल्या आहेत आणि वह्या अजून कोऱ्या आहेत. पालकसभेची पहिली बैठकहि लवकरच होईल. तींत गृहपाठ किती आणि परीक्षा केव्हां, हे प्रश्न विचारले जातीलच. त्यांच्या जोडीला, 'या वर्षीं मुलें मिळून काय लिहिणार आहेत?' एवढा एक प्रश्न कोणी तरी विचारावा, अशी माझी वाचकांस विनंति आहे. भाषेच्या शिक्षकांना असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो ऐकून पुष्कळांना आनंदच होईल.